त्याला कान आहे का?

मी बत्तीस शिराळ्याचा. हे वाक्य सांगली-कोल्हापूरकडे उच्चारलं तर समोरचा "व्हय का? कुणापैकी?" म्हणतो आणि विषय भावकीवर जातो. मेलबर्नच्या मराठी माणसांत उच्चारलं की आधी दोन क्षण शांतता, मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे ते नागाचं शिराळा?" आणि त्या दिवसापासून कुठेही काहीही सरपटलं की सगळे मागे सरतात आणि मला पुढे ढकलतात. माझं आडनाव खरं तर पाटील; पण आमच्या ओळखीत पाटील सात आहेत आणि शिराळ्याचा मी एकटा. त्यामुळे मी 'शिराळकर' झालो.

गावाचा लौकिक खोटा नाही. गोरखनाथांनी मातीच्या नागात जीव आणला ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला पाठ असते. माझ्या लहानपणी पंचमीच्या आधी मंडळांची पोरं काठ्या घेऊन शिवार पालथं घालायची, पकडलेले नाग मडक्यांत ठेवायची आणि पंचमीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरून फणा काढलेल्या नागांची मिरवणूक निघायची. पुढे १९७२चा वन्यजीव कायदा कोर्टाच्या वाटेने गावात पोचला आणि जिवंत नागाच्या जागी प्रतिमा आली. पण शिराळ्याचं पोर नागाशी खेळतच मोठं होतं, हा बाहेरच्यांचा समज काही गेला नाही. होत असतील पोरं तशी मोठी. मी मिरवणुकीच्या दिवशी माळ्यावर, शेंगांच्या पोत्यांमागे बसून मोठा झालो. शेंगांना उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो हे गणित मला सातवीत सुटलं, तेव्हापासून मी पंचमीला मावशीकडे इस्लामपूरला जायला लागलो.

एकदा आमच्या सहलीत बार्बेक्यूमागच्या झुडपातून एक ब्लू-टंग निघाली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, पाय नावापुरते. आपल्या सापसुरळीला कुणी वर्षभर खुराक चारला तर जशी दिसेल तशी. बायका खुर्च्यांवर, पुरुष बायकांच्या मागे, आणि "शिराळकरांना बोलवा" असा पुकारा. मी हातात कागदी ताटली धरून तिच्यासमोर उभा राहिलो आणि अत्यंत शांत आवाजात म्हणालो, "तिला तिच्या वाटेने जाऊ द्या." आवाज शांत होता कारण घसा सुकला होता, आणि मी हललो नाही कारण पाय हलत नव्हते. ती निळी जीभ दाखवून निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत डॉक्टर होते.

डॉक्टर मूळचे नाशिकचे, दातांचे. सोमवार ते शुक्रवार माणसांच्या तोंडात बघतात आणि शनिवार-रविवार सरड्यांच्या. दातांचे फोटो काढायला जी मॅक्रो लेन्स आणि तिच्याभोवती जो गोल फ्लॅश लागतो, तोच सरंजाम सरड्यांनाही चालतो. मधे फक्त पुसून घेतात, असं ते म्हणतात. कुठून कुठे जाताना पुसतात हे मी विचारलेलं नाही, कारण माझं रूट कॅनाल त्यांच्याकडेच चालू होतं. त्या रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीला, माझ्या तोंडात कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी नळी असताना, ते म्हणाले, "नोव्हेंबरात कपच्या लाँग वीकएंडला मॅलीत जातोय. तुमच्यासारखा सापांतला माणूस बरोबर असला म्हणजे बरं." कप म्हणजे मेलबर्नची घोड्यांची मोठी शर्यत, आणि मॅली म्हणजे आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्येचा कोरडा, झुडपी मुलूख. मी "आं आं" म्हणालो. दाताच्या खुर्चीत होकाराचं 'आं आं' आणि नकाराचं 'आं आं' यांत फरक उरत नाही.

या छंदाला इथे हर्पिंग म्हणतात. सरपटणारे आणि बेडूकवर्गीय प्राणी शोधत रानोमाळ हिंडायचं, फोटो काढायचा, प्राण्याला हात न लावता परत यायचं. "दातांच्या डॉक्टरांबरोबर चाललोय, हर्पिंगचं आहे," असं घरी सांगितलं तेव्हा बायकोने पहिल्यांदा विचारलं, "मग आपले चहाचे कप वेगळे ठेवायचे का?"

ऑस्ट्रेलियात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एवढ्या हजारांतून डॉक्टरांना हवा होता बर्टन्स लेगलेस लिझर्ड.

"म्हणजे पाय नसलेला सरडा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे साप," मी म्हणालो.

"छे! नातं पालींशी. कोट्यवधी वर्षांत पाय झिजून गेले, एवढंच. ओळखायला सोपा. तीन खुणा. एक, सापाला बाहेरून कान नसतो, याला कानाचं भोक असतं. दोन, सापाची जीभ दुभागलेली, याची रुंद, मांसल. तीन, सापाची शेपूट अंगाच्या मानाने आखूड, याची लांबच लांब."

"या खुणा किती अंतरावरून दिसतात?"

"कान ना? वीतभरावरून सहज दिसतो."

समोरचा प्राणी साप नाही याची खात्री पटायला, साप असला तर चावेल इतकं जवळ जायचं. हे शास्त्र ज्याने बसवलं तो शिराळ्याचा नसणार.

तयारी बायकोनेच केली. इथल्या सापांसाठी एक लांबलचक इलॅस्टिकची पट्टी मिळते. चावा घेतलेला हात किंवा पाय तिने घट्ट गुंडाळायचा, फळी बांधून स्थिर ठेवायचा आणि पेशंटने एक पाऊलही न चालता पडून राहायचं. विष लसिकेतून पुढे सरकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मदत पोचते. मेलबर्नच्याच स्ट्रुअन सदरलंड यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली आणि इथल्या नागकुळातल्या सापांना ती लागू पडते. आपल्या घोणस-फुरशाला नाही, तिथे सूज आणि मांस कुजण्याचा प्रकार वेगळा. म्हणून हे वाचून कुणी गावाकडे प्रयोग करू नयेत. पट्टीवर लहान लहान आयत छापलेले असतात. ताण बरोबर बसला की आयताचा चौरस होतो. बायकोने सोफ्यावर माझ्या पायावर सराव केला. पहिल्या वेळी आयतच राहिले. दुसऱ्या वेळी चौरस झाले. तिसऱ्या वेळी तिला माझं काहीतरी जुनं आठवलं असावं, कारण चौरसांचे उभे आयत झाले आणि माझा पाय जांभळा.

मेलबर्नहून हट्टा-कल्काइन राष्ट्रीय उद्यान साधारण पावणेपाचशे किलोमीटर. बेंडिगो सुटलं की झाडं बुटकी होत जातात, आभाळ वाढत जातं आणि रेडिओवर गव्हाचे भाव लागतात. वाटेत वायचीप्रूफ नावाचं गाव आहे. तिथे भर पेठेच्या मधोमध रेल्वेचा रूळ आणि गावाशेजारी जगातला सगळ्यात छोटा पर्वत, आजूबाजूच्या जमिनीपासून उंची ४३ मीटर. पर्वत म्हणून रीतसर नोंद आहे त्याची. आमच्याकडे त्याला टेकाड म्हणायलाही कुणी धजलं नसतं. वर एक म्हसोबा बसवला असता आणि विषय संपवला असता.

डॉक्टर गाडी चालवताना धीर देत होते. "ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन माणसं जातात, शिराळकर. दोन! घोड्यांमुळे याहून जास्त मरतात." मी आकडा ऐकून गप्प बसलो. आपल्याकडे २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज २०२०च्या एका अभ्यासात निघाला. त्यातली बहुतेक खेड्यातली, पावसाळ्यातली, रात्री उसाला पाणी पाजायला अनवाणी गेलेली. जगातले अतिजहाल साप या देशात आणि मरणारी माणसं त्या देशात. फरक विषाचा नाही. बुटाचा, विजेचा आणि ॲम्ब्युलन्सचा आहे. हे मी डॉक्टरांना म्हणालो तेव्हा तेही काही वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण तुम्ही बूट आणलेत ना?"

हट्टाच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक पाइनचं फळ पडलं होतं. डॉक्टरांनी करकचून ब्रेक मारला. पाइनचं फळ चालायला लागलं. ही स्टम्पी-टेल. कुणी हिला शिंगलबॅक म्हणतं, कुणी बॉबटेल, कुणी स्लीपी. जाडजूड खवले, आणि शेपूट अशी की पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं यावर दोन माणसांची मारामारी व्हावी. शेपटीत चरबी साठवलेली असते. डॉक्टर डांबरावर पालथे झाले. "शिराळकर, फ्लॅश धरा. डावीकडून. वर. वर. आता तुमच्या पोटाची सावली पडतेय." मीही पालथा झालो. स्टम्पी-टेलने तोंड वासलं आणि गडद निळी जीभ बाहेर काढली. ही तिची धमकी. पण डॉक्टर हरखून गेले. "बघा! बघा! न सांगता उघडतेय. आमच्या पेशंटना एवढं उघडायला सांगितलं की जबडा दुखतो."

तेवढ्यात मागून एक यूट आली. यूट म्हणजे शेतकऱ्याची मागे हौदा असलेली गाडी, हौद्यात एक कुत्रा. चालवणाऱ्याने पावणेपाचशे किलोमीटरच्या उजाड रस्त्यावर पालथी पडलेली दोन सावळी माणसं बघितली आणि काच खाली केली. सगळं ठीक आहे का, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी न उठता सरड्याकडे बोट दाखवलं. शेतकऱ्याने सरडा बघितला, आमच्याकडे बघितलं, परत सरडा बघितला. "माझ्या शेडमागे चिक्कार आहेत," तो म्हणाला, आणि कीव येऊन आम्हाला पाण्याची बाटली देऊन गेला.

आणि मग रस्त्याच्या कडेला दुसरी दिसली. हे जोडपं होतं. या प्राण्यांत वसंतात नर-मादी एकत्र येतात, सहा-आठ आठवडे बरोबर हिंडतात, मग आपापल्या वाटेने जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जोडीदाराकडे येतात. साउथ ऑस्ट्रेलियात माउंट मेरीजवळ मायकल बुल यांनी १९८२पासून या सरड्यांच्या नोंदी ठेवल्या. काही जोडपी वीस वर्षांहून जास्त काळ टिकलेली निघाली. एक गाडीखाली गेला तर दुसरा कधीकधी त्याच्याजवळ थांबून राहतो, हेही त्यांनी बघितलं. म्हणून डॉक्टरांनी दोघांनाही काठावर पोचवल्याशिवाय गाडी सुरू केली नाही. मी रात्री फोनवर बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वर्षातले सहा-आठ आठवडेच बरोबर ना? मग टिकणारच."

मुक्काम मोर्नपॉल तळ्याकाठी होता. मरे नदीला पूर आला की ही तळी भरतात. काठावर रेड गमची जुनी, गाठाळलेली झाडं आणि त्यांच्यावर लेस मॉनिटर, म्हणजे झाडावर चढणारी घोरपड. घोरपड लावून गड चढल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला मी. प्रत्यक्षात तिने आमच्या टेबलाच्या गडावर चढाई करून उकडलेली सहा अंडी कवचासकट नेली. डॉक्टर ओरडत होते, पण घोरपडीला नाही, मला. "फ्लॅश! फ्लॅश!" रात्रीच्या जेवणाला चकल्या उरल्या. बायकोने दिवाळीचा फराळ बांधून दिला होता म्हणून दोन माणसं जगली.

माश्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांनी तीन दिवस माझ्या डोळ्यांतलं पाणी पिऊन काढलं, त्यांना एवढा मान तरी द्यायला हवा. बुश फ्लाय चावत नाही; तिला फक्त आपला घाम, लाळ आणि अश्रू हवे असतात, म्हणजे एखाद्या कवीला हवं असतं तेच. गोऱ्यांनी इथे गुरं आणली. इथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या लेंड्यांची सवय, गाईचं शेण त्यांना झेपेना. शेण वाळून साचत गेलं आणि त्यात माश्या वाढत गेल्या. मग सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉर्ज बोर्नेमिसा यांनी १९६५पासून परदेशी शेणकिडे आणायचा प्रकल्प चालवला. किडे आणले ते आफ्रिकेतून आणि युरोपातून, विमानाने, तपासून-सवरून. शेण उचलायला! हे ऐकून माझ्या आजीने कपाळावर हात मारला असता. आमच्या गोठ्यात शेण जमिनीवर टेकायच्या आत तिची पाटी खाली असायची.

रात्री खरी मोहीम. आधी गाडी, वीसच्या वेगाने. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर ऊब घ्यायला साप-पाली येतात, म्हणून हळूहळू जायचं आणि डांबर निरखायचं. पहिल्या तासात मी अकरा वेळा "साप!" म्हणालो. नऊ काटक्या, एक टायरची चिंधी, एक फॅनबेल्ट. फॅनबेल्टसाठी डॉक्टर खाली उतरले. मला वाटतं त्यांनी त्याचेही दोन फोटो काढले.

मग पायी. बॅटरी कपाळावर बांधायची, म्हणजे उजेड आपल्या नजरेच्या रेषेत जातो आणि प्राण्यांचे डोळे चमकतात. मी बॅटरी लावली आणि समोरच्या वाळूवर हजारो हिरवे-निळे थेंब लखलखले. "दव किती सुंदर पडलंय," मी म्हणालो.

"मॅलीत दव? ते कोळी आहेत."

"कुठला?"

"सगळे."

वुल्फ स्पायडर. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक कोळी, आणि तो माझ्याकडे बघतोय म्हणूनच ठिणगी. मी मागे वळून पाहिलं तर मागेही नक्षत्रं. त्यानंतरचे दोन तास मी डॉक्टरांच्या पावलांच्या ठशांत पावलं टाकत, रांगोळीवरून चालावं तसा चाललो. आजूबाजूला स्पिनिफेक्सची झुडपं. नाव गवताचं, काम सुयांचं. गुडघ्याला टेकलं की टोक आत मोडून राहतं. पण वाळवंटातले सरडे या सुयांच्याच आधाराने जगतात. एरिक पियांका या अमेरिकन शास्त्रज्ञाने ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटात अशाच स्पिनिफेक्सच्या एका पट्ट्यात सरड्यांच्या चाळीसहून जास्त जाती एकत्र नांदताना मोजल्या. पलीकडे कुणीच यायची हिंमत करत नाही म्हटल्यावर नांदायला काय जातंय.

साडेअकराला पाल सापडली. काटेरी शेपटीची, राखाडी, फांदीवर फांदीसारखी चिकटलेली. पालीला पापण्या नसतात. ती जिभेने स्वतःचा डोळा पुसते. या जातीची पाल फारच छेडलं तर शेपटीतून चिकट चीक उडवते. डॉक्टरांनी न छेडता १४० फोटो काढले, आणि तेवढा वेळ मी एका पायावर, डाव्या हातात फ्लॅश उंच धरून, वसुदेव कान्ह्याला यमुनेतून नेतो तसा उभा. उभ्या उभ्या विचार आला: शिराळ्यात पाल दिसली की आई केरसुणी घेऊन धावते. अंगावर पडली तर पंचांग काढून, उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्यावर पडली तर काय, ते पल्लीपतनाचं पान बघते. आणि मी मात्र एका पालीसाठी पेट्रोल जाळत अर्ध्या व्हिक्टोरियाभर आलोय. पावणेपाचशे किलोमीटर जाऊन पालीवर आपणच पडायला गेलो तर त्याचं फळ पंचांगात दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेगलेस काही दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेही नाही. दिसला तो मॅलीफाउल, तोही लांबून, आपल्या ढिगाऱ्यावर. हा कोंबडीएवढा पक्षी वाळू आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते, आणि पाचोळा कुजून येणाऱ्या उबेवर ती उबतात. तापमान साधारण ३३ अंश राहावं म्हणून नर महिनोन्‌महिने चोच खुपसून बघतो आणि वाळू कधी काढतो, कधी घालतो. पिल्लं ढीग फोडून बाहेर येतात आणि आईबापाचं तोंडही न बघता रानात निघून जातात. मी बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. याला नंतर शाळेची फी तरी पडत नाही."

आणि मग ती शेवटची सकाळ. नऊ वाजलेले, ऊन नुकतं कोवळ्याचं उबदार झालेलं, सामान गाडीत भरून झालेलं. डॉक्टर चहाचं भांडं विसळत होते. मी आडोशाला निघालो. रीत अशी की पाय आपटत जायचं, म्हणजे जमिनीची थरथर ओळखून साप आधीच बाजूला होतो. मी पाय आपटत गेलो, पण तीन दिवसांच्या चालण्याने आपटण्यात जोर उरला नव्हता.

एका गोल स्पिनिफेक्सच्या कडेला तपकिरी, करंगळीएवढं जाड, निमुळतं काहीतरी पडलेलं होतं. काटकी नव्हती, काटक्या मला आता चेहऱ्याने ओळखता येत होत्या. मला आनंद झाला. हे वाक्य लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही, पण झाला. तीन दिवस 'कान, जीभ, शेपूट' ऐकून डोकं इतकं भरलं होतं की लांब, निमुळती शेपूट दिसताच मनात पहिला विचार आला: लेगलेस! डॉक्टरांना नाही, मला सापडला! मी मोबाइल काढून फोटो घेतला आणि पहिल्या धड्याप्रमाणे कान बघायला वाकलो.

त्या टोकाला कान नव्हता, कारण डोकंच नव्हतं. साहजिकच मी दुसरं टोक शोधायला लागलो. झुडपाच्या कडेकडेने नजर नेत गेलो. करंगळीचा अंगठा झाला, अंगठ्याचं मनगट झालं. मनगट काही संपेना. दीडेक मीटर वळसा घालून, झुडपाच्या पलीकडून, माझ्या उजव्या बुटापासून दोन हातांवर त्याचं डोकं होतं.

त्याला कान नव्हता.

"शिराळकर," मागून डॉक्टरांचा आवाज आला, पेशंटला सुई दिसू न देता बोलतात तो, "हलू नका. काहीही करू नका."

हा सल्ला अनाठायी होता. ब्लू-टंगच्या वेळी जे पाय बंद पडले होते ते त्याच जागी पुन्हा बंद पडले होते. त्याने जीभ बाहेर काढली. दुभागलेली. दुसरी खूणही पटली. मग त्याने मला नीट न्याहाळलं, या प्राण्यात काही दम नाही असं ठरवलं असावं, आणि वळून स्पिनिफेक्समधून पाण्यासारखा वाहत निघून गेला. जाताना पूर्ण लांबी दिसली आणि अंगाच्या मानाने शेपूट आखूड होती. तिन्ही खुणा तपासून झाल्या. आडोशाला जायचं कारण मात्र उरलं नव्हतं.

"ईस्टर्न ब्राउन!" डॉक्टर भांडं टाकून धावत आले. "ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त माणसं याच्याच दंशाने जातात. पण दात बघाल तर जेमतेम तीन मिलिमीटर! एवढीशी सुई आणि केवढं काम!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, माश्या लगेच जमल्या. मग ते एकदम थांबले. "फोटो?" कॅमेरा गाडीत, कॅमेऱ्यावर दातांची लेन्स, लांबची लेन्स पेटीत, पेटी तंबूखाली, तंबू सगळ्यात तळाशी. अकरा वर्षं ते या सापाच्या नीट फोटोसाठी हिंडत होते. तो माझ्या मोबाइलमध्ये होता.

परतीच्या वाटेवर वायचीप्रूफच्या पर्वतापर्यंत ते बोलले नाहीत. पर्वत गेल्यावर म्हणाले, "दाखवा बरं एकदा." मी फोन दिला. फोटोत डावीकडे माझा अंगठा, तोही निम्मा. मागे गवत, गवत नेमकं स्पष्ट. आणि गवतातून पुसट, तपकिरी, दोन इंचांची रेघ. "लेन्स पुसत चला हो," ते कळवळून म्हणाले. मी विचार केला, हे कोण सांगतंय.

तरीही त्यांनी तो आयनॅचरलिस्टवर चढवला. जगभरचे जाणकार तिथे फोटोतला प्राणी ओळखून देतात. ठिकाण अर्थातच धूसर ठेवलं. नेमकी जागा कळली की चोर येतात, स्टम्पी-टेल पार्सलमधून परदेशी धाडायचे प्रयत्न होतात, म्हणून हर्पिंगवाला माणूस बायकोलाही 'उत्तरेकडे' एवढंच सांगतो. डॉक्टरांनी खाली लिहिलं: ईस्टर्न ब्राउन, बहुधा प्रौढ. दोन दिवसांत तिघांनी मत दिलं. तिघांचंही मत एकच: वनस्पती.

मी तो फोटो आईला पाठवला. तिला चष्मा लागलाय, पण फोन आला तेव्हा ती चष्म्याशिवायच अंगणात होती. मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"बघितलास का फोटो?"

"बघितला की. साप हाय."

"आई, इथं मोठमोठ्या लोकांनी सांगितलंय, झाड आहे म्हणून."

"झाड असतंय व्हय असं? शेपाट हाय त्ये. पळून चाललाय बघ त्यो. भ्यालाय तुला." मग जरा थांबून, फोन डोळ्यांजवळ नेल्यासारखा आवाज आला. "आन् ह्यो आंगठा तुझाच न्हवं? नखं किती वाढवलीस रं. काप आदी."